खलपुरुषाची जागा आणि पाठभेदाचा प्रश्न

दोन वर्षांपूर्वी एम.ए.च्या लघुप्रबंधांचे विषय निश्चित करण्यासाठी जी बैठक झाली, तीत एका विद्यार्थ्याने सुचविलेला विषय पाच मिनिटांत नाकारण्यात आला. एका अद्भुतरम्य व्हिडिओ गेममधील खलनायिकेला कथेच्या शेवटी जी शिक्षा झाली, तिच्याविषयी खेळणाऱ्यांमध्ये जो तीव्र मतभेद झाला, त्याचा अभ्यास त्याला करावयाचा होता. नाकारणाऱ्यांत प्रस्तुत लेखिकाही होती. किंबहुना ‘हे साहित्य नव्हे’ हे निर्णायक वाक्य तिचेच. विद्यार्थ्याने वाद घातला नाही. त्याने ग्रामीण कादंबरीवरचा एक सुरक्षित विषय घेतला आणि यथावकाश चांगले गुणही मिळविले. तो निर्णय चुकला होता असे आता वाटते. नव्या माध्यमांविषयी उदार असावे, एवढ्याच कारणासाठी मी हे म्हणत नाही. त्या विषयामागचा प्रश्न आपल्याच परंपरेतील एक जुना आणि न सुटलेला प्रश्न होता, आणि तो ओळखण्याइतकी आपल्या परंपरेची ओळख समितीतील कोणालाच, निदान मला तरी, त्या दिवशी राहिली नव्हती.

तो गेम म्हणजे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. २००४ पासून चालू असलेली आणि खंडाखंडांनी वाढत गेलेली ही कथा आहे. तिच्यातील सिल्व्हानस ही मूळची आपल्या नगरीचे रक्षण करणारी सेनानी. शत्रूने तिला ठार केले आणि मृत्यूनंतरही सुटका न देता तिच्या आत्म्याला पिशाचरूपात आपल्या सेवेस जुंपले. पुढे ती त्या दास्यातून मुक्त झाली, तिच्यासारख्याच मृत-जिवंतांची राणी झाली, आणि २०१८ मध्ये आलेल्या कथाभागात तिने एका संपूर्ण लोकसमूहाचे वसतिस्थान असलेला महावृक्ष आतील रहिवाशांसह जाळला. २०२२ मध्ये तिचा निवाडा झाला. तो कोणा देवाने केला नाही. ज्यांची वस्ती जळली त्यांच्याच नेत्रीने केला. मृतांच्या लोकातील सर्वांत भयाण विभागात राहावयाचे आणि तेथे अडकलेला एकेक आत्मा सोडवावयाचा, हे काम संपेपर्यंत परतावयाचे नाही, अशी ती शिक्षा होती. ही शिक्षा फार सौम्य झाली, असे काहींनी म्हटले. काहींना ती मृत्यूहून कठोर आणि म्हणून योग्य वाटली. सर्वाधिक रोष मात्र वेगळ्याच गोष्टीवर होता. निवाड्यापूर्वी कथाकारांनी असे दाखविले की तिचा आत्मा पूर्वीच दुभंगला होता आणि त्याचा चांगला अंश तिच्यापाशी नव्हताच. म्हणजे जाळणारी ती ‘पूर्ण ती’ नव्हती. या युक्तीने खेळणारे चिडले. तिला मारा किंवा क्षमा करा. पण तिने जे केले ते तिनेच केले, एवढे तरी तिच्याकडून काढून घेऊ नका, असा त्या चिडण्याचा आशय होता.

हा आशय साहित्यविचाराच्या दृष्टीने किती नेमका आहे, हे मला उशिरा कळले. त्यास निमित्त झाले ते मी राहते त्या गावाचे. पनवेलजवळचे पळस्पे बहुतेकांना फाटा म्हणूनच ठाऊक असते. मुंबईहून आलेला रस्ता येथे दुभागतो. एक घाट चढून पुण्याकडे जातो, दुसरा कर्नाळ्याच्या पायथ्याने कोकणात उतरतो. शिमगा आणि गणपती या दोन सणांना कोकणातल्या चाकरमान्यांच्या गाड्यांनी हा फाटा तुंबून जातो. अशाच एका शिमग्याला गाड्यांच्या रांगेकडे पाहत असता मनात आले की ही माणसे ज्या खेळ्यांसाठी एवढा प्रवास करीत आहेत, त्यांत एक राक्षस आहे, आणि तो त्यांच्या आवडीचा आहे.

संकासुराची कथा अभ्यासकांना सांगावयास नको. वेद चोरून समुद्रात लपविणारा आणि मत्स्यावतारी विष्णूच्या हातून मारला जाणारा शंखासुर तो हाच. दक्षिण कोकणच्या दशावतारात मुख्य आख्यानापूर्वी जो आड-दशावतार होतो, त्यात तो येतो, मालवणीत बोलतो, भटजीची आणि देवांची थट्टा करतो, प्रेक्षकांना हसवितो आणि विष्णूशी लढून मरतो. तेथे तो विनोदाचा धनी आहे. उत्तरेकडे रत्नागिरीच्या नमन-खेळ्यांत मात्र त्याचे रूप पालटते. काळा पोशाख, उंच टोपी, कमरेची घुंगरे अशा वेशात तो शिमग्यात घरोघर येतो. मुले त्याला घाबरतात आणि मोठी माणसे त्याला नवस बोलतात. वेद चोरणारा नवसाला पावतो! पुराणाने त्याचा वध एकदा केला. गावाने तो वध अमान्य केला नाही, पण त्यावर कथा संपली असेही मानले नाही. त्याला वर्षातून एकदा अंगणात येण्याची जागा दिली.

‘जागा’ हा शब्द मी येथे जाणीवपूर्वक वापरीत आहे. खलपुरुषाच्या शेवटाचा विचार आपण विद्यापीठीय समीक्षेत सामान्यतः ‘शासन’ या एकाच कल्पनेने करतो. ही सवय आपल्याला दोन बाजूंनी लागली. ज्या रचनेत सज्जनांना एक आणि दुर्जनांना दुसरी अशी परस्परविरुद्ध गती मिळते, तिला अॅरिस्टॉटलने दुसऱ्या प्रतीची ठरविले होते. प्रेक्षकांच्या दुबळेपणामुळे ती आवडते असे त्याचे मत. तरीही सतराव्या शतकात टॉमस रायमरने ‘काव्यगत न्याय’ ही संज्ञा रूढ केली आणि इंग्रजी शिक्षणाबरोबर ती आपल्याकडे आली. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या आरंभीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना हा न्याय आयताच मानवला. त्या लिहिल्या जात असता खलाचे काय होणार हा प्रश्न नव्हता. केव्हा होणार एवढाच होता. त्या प्रकाराला ‘बाळबोध’ म्हणून आपण मागे टाकले खरे, पण प्रश्नपत्रिकेतील ‘खलपात्राचे स्वभावचित्र रेखाटून त्याच्या शेवटाचे औचित्य सांगा’ हा नमुना काही मागे पडला नाही. औचित्य म्हणजे शिक्षा पुरेशी झाली की नाही, असाच अर्थ विद्यार्थी घेतात, आणि आपण त्याला गुण देतो.

शासनाची ही कल्पना निरर्थक आहे असे नव्हे. कधी कधी खलाचा वध हीच त्या काळाची खरी मागणी असते. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कीचकात लॉर्ड कर्झन आणि द्रौपदीत अवमानित हिंदभूमी प्रेक्षकांना दिसली. भीमाच्या हातून होणारा तो वध इतका अर्थपूर्ण ठरला की १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. त्या प्रेक्षागृहात कोणी कीचकाला अंगणात जागा द्या म्हटले असते, तर ते साहित्यदृष्ट्याही खोटे ठरले असते. ज्याचे राज्य अद्याप चालू आहे, त्याच्या पुनर्वसनाचा विचार त्याचे बळी करीत नाहीत. हे मान्य करूनच पुढे जावयास हवे.

परंतु राज्य संपल्यावर काय? पळस्प्याचा दुसरा रस्ता धरून घाट चढून गेले, पुण्याच्या पुढे गेले की जेजुरी लागते, आणि तेथे या प्रश्नाचा जो विचार झाला आहे तो मला आपल्या सर्व काव्यशास्त्राहून सूक्ष्म वाटतो. मल्ल आणि मणी हे दोन दैत्य. ऋषींचे आश्रम त्यांनी उद्ध्वस्त केले. शंकराने मार्तंडभैरवाचे रूप घेऊन त्यांच्याशी युद्ध केले. ‘मल्हारी माहात्म्या’च्या कथेप्रमाणे आधी मणी पडला. मरताना त्याला पश्चात्ताप झाला. त्याने आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि जेथे तू तेथे मीही असावे, असा वर मागितला. तो मिळाला. मल्लालाही देवाने वर विचारला. त्याने जगाचा संहार मागितला, नरमांस मागितले. देवाने त्याचे मस्तक उडविले आणि ते भक्तांच्या पायाखाली येईल असे देवळाच्या पायरीशी पडले.

दोन भाऊ, एकच अपराध, एकच मारेकरी, आणि दोन शेवट. दोघांपैकी कोणाच्याही अपराधाला येथे सबब दिलेली नाही. मणीचा आत्मा दुभंगला नव्हता; कोणी त्याच्याकडून करविले नव्हते. त्याने केले, तो हरला, त्याला ते उमजले. बक्षीस म्हणून स्वर्ग मिळाला नाही. मिळाली ती देवाच्या सान्निध्यातील एक जागा, आणि तीही ‘मणी दैत्य’ या नावानेच. त्याचे दैत्यपण पुसून मग त्याला आत घेतलेले नाही. मल्लाला बाहेर ठेवले, पण तोही नाहीसा केला नाही. देवळात शिरणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यावरून जावे लागते. जिला आपण आज मोठ्या थाटाने ‘स्मृती’ म्हणतो, तिची याहून व्यवहार्य व्यवस्था मला ठाऊक नाही.

आणि तरीही लोकांचे समाधान झालेले दिसत नाही. कारण मल्लाची दुसरीही कथा सांगितली जाते. तीत तो संहार मागत नाही. तुझ्या नावाआधी माझे नाव घेतले जावे एवढेच मागतो, आणि देव ते देतो. म्हणून ‘मल्हारी’. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता मल्लाचा अरी तो मल्हारी, म्हणजे ते नाव शत्रुत्वाचे आहे. कथेने त्याच नावात वर पाहिला. एका परंपरेत मल्ल पायरीशी, दुसऱ्या परंपरेत देवाच्या नावाच्या अग्रभागी. रा. चिं. ढेरे, गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या संशोधकांनी या दैवताचा जो विस्तृत अभ्यास केला, त्याने खंडोबाच्या लोकदेवत्वाची उकल झाली. मी येथे मांडते आहे तो प्रश्न त्याहून लहान आणि निव्वळ साहित्याचा आहे. मल्लाच्या या दोन शेवटांना आपण काय म्हणावयाचे?

माझे उत्तर असे, की त्यांना पाठभेद म्हणावयाचे. आपल्या शाखेत हा शब्द हस्तलिखितांच्या तुलनेपुरता राखून ठेवलेला आहे. ‘ज्ञानेश्वरी’च्या प्रतींत एका अक्षराचा फरक पडला की त्यावर आपण चर्चासत्र घेतो. एका दैत्याच्या गतीविषयी संबंध समाजाने दोन उलट निर्णय शतकानुशतके शेजारी शेजारी जपले, तर त्याला मात्र ‘लोककथेतील विविधता’ म्हणून तळटीपेत घालतो. वस्तुतः हा वादच आहे. मल्लासारख्याला, ज्याला पश्चात्ताप झाला नाही त्याला, आत घ्यावे की नाही, या प्रश्नावरचा तो वाद आहे. फक्त तो कोणा सभेत झाला नाही. सांगणाऱ्याने शेवट बदलून सांगितला आणि ऐकणाऱ्याने तो पुढे नेला, एवढ्यातच तो होत राहिला. मौखिक परंपरेत मतभेद नोंदविण्याची रीत कथा पुन्हा सांगणे हीच असते.

बळीच्या बाबतीत हा पाठभेद इतका वाढला की खल कोण हेच उलटले. भागवताच्या आठव्या स्कंधातील बळी असुर आहे, पण दुष्ट नाही. वामन त्याला सुतलात पाठवितो आणि स्वतः त्याचा द्वारपाल होतो, पुढल्या मन्वंतरातील इंद्रपदही त्याला देऊ करतो. पुराणकर्त्यालाच तो शेवट पुरेसा वाटला नसावा, असे हे दान पाहून वाटते. महाराष्ट्रातील बायाबापड्यांना तर तो मुळीच पुरेसा वाटला नाही. दिवाळीत ओवाळताना त्या इडापिडा टळण्याबरोबर बळीचे राज्य येण्याची इच्छा बोलतात. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) या लोकपाठाला इतिहासाची बैठक दिली आणि वामनालाच आरोपी केले. फुल्यांच्या इतिहासाची प्रमाणे तपासणारे लेखन विपुल झाले आहे. वाचक म्हणून त्यांनी केलेली कृती मात्र त्या तपासणीत हरवून जाते. त्यांनी एका रूढ कथेचा शेवट अमान्य केला आणि निवाडा करणाऱ्याचा अधिकार विचारला. विद्यार्थ्याच्या त्या नाकारलेल्या विषयात याहून वेगळे काय होते?

येथे एक गल्लत टाळावयास हवी. खलाला जागा देणे म्हणजे त्याचे उदात्तीकरण करणे नव्हे. अलीकडे विद्यार्थ्यांच्या हातांत ‘रावण : राजा राक्षसांचा’ ही शरद तांदळे यांची कादंबरी वारंवार दिसते, आणि तिच्याविषयी ते जितक्या आपुलकीने बोलतात तितक्या आपुलकीने नेमलेल्या पुस्तकांविषयी बोलत नाहीत. खलाला स्वतःची कहाणी स्वतः सांगू देणे ही रीत आकर्षक आहे, आणि उपेक्षिताच्या बाजूने पाहण्याची सवय तिने लागत असेल तर तिचे स्वागतच करावे. परंतु ज्याला आपण खल म्हणत होतो तो वस्तुतः नायकच होता, असे एकदा सिद्ध झाले की खलाचा प्रश्न सुटत नाही, तो नाहीसा होतो. दुभंगलेल्या आत्म्याच्या युक्तीवर खेळणारे चिडले ते याचसाठी. मणीच्या कथेचे बळ असे की ती त्याला आत घेते आणि दैत्यही म्हणते. ही दोन टोके एकत्र धरणे कादंबरीकाराला अवघड जाते, मालिकेच्या लेखकाला तर त्याहून. ‘रात्रीस खेळ चाले’मधील अण्णा नाईक आठवावेत. २०१६ च्या पहिल्या पर्वानंतर २०१९ मध्ये मागे जाऊन त्यांचीच कथा सांगितली गेली, आणि २०२१ च्या तिसऱ्या पर्वात मृत्यूनंतरही ते वाड्यात परतले. माधव अभ्यंकरांनी साकारलेला हा माणूस क्रूर, लंपट आणि खुनी आहे, आणि प्रेक्षकांना तो हवा होता. याला अभिरुचीची घसरण म्हणणे सोपे आहे. मीही स्टाफरूममध्ये म्हटले आहे. पण संकासुराला वर्षातून एकदा अंगणात घेणाऱ्या समाजाला मेलेला खल वाड्यात परतलेला पाहण्यात नवल ते काय वाटावे? मालिकेने त्याला परत आणले, परंतु त्याची जागा ठरविली नाही, ही माझी तक्रार आहे.

या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो मला स्वतःलाच छळतो. मणीला वर दिला तो देवाने. ज्यांचे आश्रम जळले त्या ऋषींना कोणी विचारले? कथेत ते गाऱ्हाणे घेऊन येतात; निवाड्याच्या वेळी त्यांचे मत घेतले जात नाही. जागा देण्याचा मोठेपणा विजेत्याकडे आणि सोसणे दुसऱ्यांकडे, अशी ही विभागणी आहे. या एका बाबतीत त्या परदेशी गेमच्या लेखकांनी आपल्या माहात्म्यकारावर मात केली असे मला म्हणावे लागते, कारण त्यांनी निवाड्याचा अधिकार जिची माणसे जळाली तिच्याकडे दिला. तो निवाडा समाधानकारक होता की नाही हे वेगळे. निवाडा कोणी करावा हे त्यांनी बरोबर ओळखले. नाकारलेला लघुप्रबंध लिहिला गेला असता, तर ही तुलना माझ्याऐवजी त्या विद्यार्थ्याने केली असती आणि बहुधा अधिक चांगली केली असती. दोन्ही कथा त्याला आतून ठाऊक होत्या. त्याच्या घरी चंपाषष्ठीचे नवरात्र बसते, हे मला नंतर समजले.

मात्र दुसऱ्या एका बाबतीत खेळणाऱ्यांची स्थिती जेजुरीच्या वाटेवरच्या माणसाहून दुबळी आहे, आणि आजच्या कथाव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्यांनी तिच्याकडे लक्ष द्यावयास हवे. मल्लाच्या कथेला मालक नाही. वाघ्याने एक शेवट गायला आणि आजीने दुसरा सांगितला, तर कोणाचाच खोटा ठरत नाही. सिल्व्हानसच्या कथेला मालक आहे; ती एका कंपनीची मिळकत आहे, आणि तिचा शेवट एकच, कंपनीने दिलेला. म्हणून असहमत खेळणाऱ्याला कथा बदलून सांगता येत नाही, निदान ती ‘खरी’ म्हणून सांगता येत नाही. त्याला मालकाकडे तक्रारच करावी लागते. पाठभेदाची जागा अर्जाने घेतली आहे. या वादांत जो कडवटपणा असतो, ज्याला आपण पोरकटपणा म्हणून झटकून टाकतो, त्याचे एक कारण मला येथे दिसते. पूर्वी जो मतभेद पुन्हा सांगण्यात जिरून जाई, त्याला आता वाट नाही. आपल्या मालिकांचेही हेच. ‘जय मल्हार’ (२०१४ ते २०१७) घराघरांत पाहिली गेल्यानंतर खंडोबा म्हणजे पडद्यावरचाच खंडोबा, असे सांगणारे विद्यार्थी मला भेटले आहेत. एका प्रभावी पाठाने बाकीचे पाठ गिळले असल्यास ते कोणते आणि किती, हे शोधण्यासाठी क्षेत्रीय अभ्यास करावा लागेल, आणि तो मराठी विभागांनी नाही केला तर कोण करणार?

यंदाच्या विषयनिश्चितीची बैठक पुढील महिन्यात आहे. तो विद्यार्थी आता पीएच.डी.साठी येऊ पाहतो आहे आणि त्याने जुनाच विषय नव्या रूपात, खेळातील आणि जागरणातील खलपात्रांच्या तौलनिक अभ्यासाच्या रूपात, पुढे ठेवला आहे. या वेळी मी अनुकूल मत देणार आहे. सहकाऱ्यांचे काय होईल ते सांगता येत नाही. आराखड्याविषयी बोलण्यासाठी तो घरी आला होता, तेव्हा मी मल्लाच्या पायरीची उपपत्ती त्याला बऱ्याच उत्साहाने सांगितली. त्याने ती ऐकून घेतली आणि मग विचारले, “पण मॅडम, डोकं पायाखाली यावं म्हणून पायरीशी पडलं, तर पाय ठेवण्याआधी लोक त्याच पायरीला हात लावून तो कपाळाला का लावतात?” मी त्याला तो प्रश्न आराखड्यात पहिला लिहावयास सांगितले.